बांधाच्या आतलं भात

अलिबागला मी आजवर दहा-बारा वेळा तरी गेले असेन. आधी कॉलेजच्या ग्रुपबरोबर, मग ऑफिसच्या पिकनिकला, मग नवऱ्याबरोबर, मग मुलाला वाळूत खेळायला मिळावं म्हणून. आणि दर वेळी वडखळ नाका गेला की पोयनाडपर्यंत जो सपाट पट्टा लागतो ना, तिथे मी एकतर झोपलेली असायचे नाहीतर मोबाईल बघत बसलेली असायचे, कारण तिथे बघण्यासारखं काही आहे असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डोंगर नाहीत, समुद्र दिसत नाही, नुसती शेतं, मधेमधे तळी आणि लांबवर एक मातीचा उंचवटा, तोही लक्ष दिलं तर.

तो सपाट पट्टा म्हणजे खारेपाट. धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना पेण आणि अलिबाग तालुक्यातली गावं. आणि तो लांबवरचा उंचवटा म्हणजे बांध. आता मला वाटतं की त्या रस्त्यावर बघण्यासारखं खरं काही असेल तर तो बांधच आहे, म्हणून हे लिहायला घेतलंय.

ऑफिसमधली माझी एक मैत्रीण तिथली आहे, अलिबाग तालुक्यातल्या शहापूरच्या बाजूचं गाव (ठाणे जिल्ह्यातलं शहापूर वेगळं, हे तिला दर वेळी सांगावं लागतं). गेल्या वर्षी जुलैत तिच्या घरी पहिल्यांदा गेले आणि यंदा दिवाळीनंतर पुन्हा तीन दिवस राहून आले. दोन्ही वेळचं एकत्रच सांगते, कारण जुलैतलं सांगितल्याशिवाय दिवाळीतलं कळणार नाही.

जुलैत गेले तेव्हा अमावस्या होती आणि पाऊस नुसता ओतत होता. सकाळी चहा घेताना काका (मैत्रिणीचे बाबा) सारखे दारात जाऊन आभाळाकडे बघत होते, मला वाटलं शेतात पाणी जास्त झालं असेल म्हणून काळजी करतायत. मग अकराच्या सुमाराला गल्लीतून कुणीतरी ओरडत गेलं, "बांद चाललाय रं!" आणि दोन मिनिटांत घरातले पुरुष, शेजारचे पोरगे, काकूसुद्धा (मैत्रिणीची आई) साडीचा काष्टा मारून बाहेर. मैत्रीण म्हणाली, तू घरी बस, चिखल आहे. मी काही बसले नाही.

बांधावर पोचलो तेव्हा समोर जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. बांधाच्या एका बाजूला खाडी, करड्या रंगाची, फुगलेली, पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभरावर. आणि दुसऱ्या बाजूला, त्या पाण्यापेक्षा चांगलं पुरुषभर खाली, भाताची कोवळी हिरवी रोपं. म्हणजे समुद्राचं पाणी वर आणि शेत खाली, मधे फक्त सात-आठ हात रुंदीचा चिखल! मी आपली शहरातली, समुद्र म्हणजे आपल्यापेक्षा खाली असतो असंच मनात बसलेलं, त्यामुळे ते बघून पोटात गोळाच आला.

एका ठिकाणी चिंबोऱ्यांनी (खेकड्यांनी) बांध पोखरला होता आणि त्या बिळातून पाणी आत यायला लागलं होतं. आधी मनगटाएवढी धार होती म्हणे, आम्ही गेलो तेव्हा मांडीएवढी झाली होती. असं भोक वाढत गेलं की माती ढासळते आणि बांध तुटून सरळ वाटच पडते, त्याला तिथे खांड म्हणतात. खांड पडली की मग उधाणाच्या पाण्याला कुणी अडवू शकत नाही. दोन जण पोत्यात माती भरून त्या तोंडाशी लावत होते, एक जण आतल्या बाजूला पाण्यात उतरून पेंढ्याचे बोळे कोंबत होता, आणि बाकीचे आम्ही रांग करून चिखल पुढे देत होतो. फावड्याने कापलेला चिखलाचा एक गोळा हातात आला की पुढच्याला द्यायचा, परत हात मागे, दुसरा गोळा. खाडीतला तो चिखल काळा, गुळगुळीत, लोण्यासारखा हातातून निसटतो आणि वजनाला मात्र दगड. अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले. माझ्या पुढे एक साठीच्या आजी होत्या, त्या माझ्याकडे न बघताच हात मागे करत होत्या, गोळा आला की पुढे, आला की पुढे, एकदाही थांबल्या नाहीत.

बाराच्या पुढे भरती थांबली. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, सगळे आपापले फावडे खांद्यावर टाकून बसले आणि ओहोटी लागायची वाट बघायला लागले, कारण खरं काम पाणी उतरल्यावर करायचं होतं. चार वाजता परत सगळे चिखलात.

रात्री जेवताना काका म्हणाले, "खारा पानी एकदा आत आला ना, का तीन वर्सा भाताचा नाव घ्यायचा नाय." जमिनीत मीठ बसतं ते एका पावसात जात नाही, दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने धुऊन निघावं लागतं. तीन वर्षं. मी तेव्हा ताटातल्या भाताकडे बघत बसले होते.

तर हे असं सगळं डोक्यात घेऊन मी यंदा दिवाळीनंतर परत गेले. एसटीने, मुद्दाम, आणि या वेळी खिडकीत बसून.

वाटेत पेणला उतरले कारण मैत्रिणीच्या पेणच्या काकूकडे पापड द्यायचे-घ्यायचे होते. पेण म्हटलं की आपल्याला गणपती आठवतात आणि बरोबरच आहे, दिवाळीच्या दिवसांतसुद्धा तिथले कारखाने चालू असतात, पुढच्या वर्षीच्या मूर्ती पांढऱ्याफटक रांगेने वाळत उभ्या, डोळ्यांची आखणी व्हायची असल्यामुळे सगळे गणपती जणू अजून झोपेतच. जोहे-हमरापूरकडे तर गावंच्या गावं हे काम करतात. पण पेणचे पोहे आणि पोह्याचे पापडही तेवढेच नावाजलेले आहेत, आणि पोहे कशाचे, तर भाताचे. बाजारात एका दुकानात पोह्याचा पापड, मिरगुंडं, तांदळाचे फेण्या-पापड, सगळं भातापासूनच सुरू होतं. मी चार किलो पोहे घेतले. पातळ, लालसर, हातात घेतले की कुस्करले जात नाहीत असे.

काकांच्या घरी पोचले तर अंगणात उडवी रचलेली. कापलेल्या भाताचे भारे गोल गोल रचत नेतात आणि वरून निमुळतं करतात, ती उडवी. शेजारी शेणाने सारवलेलं खळं, त्यावर झोडणी चाललेली. मशीन पण येतं आता मळणीचं, पण या जातीचं भात काकू थोडं तरी हातानेच झोडून घेतात. ही जात म्हणजे राता.

राता मी पहिल्यांदा हातात घेऊन बघितला. दाणा जाडसर, तूस काढलं की आतून विटकरी लाल. खाऱ्या जमिनीला टिकणारी ही इथली जुनी जात, थोडं खारं पाणी पायाशी आलं तरी मरत नाही. उतारा फार नाही. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने नंतर पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा खाऱ्यात तग धरणाऱ्या जाती काढल्या, काकांनी त्याही लावल्यात, पीक जास्त येतं म्हणाले. पण एक तुकडा रात्याचा असतोच, पेजेसाठी. इथे बाकीच्या कोकणासारखी सगळीकडे आवणी (रोपं उपटून लावणं) पण करत नाहीत, खारेपाटात बरेच जण रहू टाकतात, म्हणजे बी भिजवून मोड आणायचे आणि चिखल केलेल्या शेतात सरळ फेकायचं. का विचारलं तर काका म्हणाले, आधी पावसाने जमिनीतलं मीठ धुवायला पाहिजे, मगच रोपाला सोसवतं, त्यात रोपवाटिका करून परत उपटून लावत बसायला इथे सवड कुठली. सकाळी काकूने त्या रात्याची पेज दिली, वर मीठ आणि बाजूला भाजलेला सुका बोंबील. गुलाबी रंगाची पेज. दोन वाट्या प्यायले आणि दुपारपर्यंत भूक लागली नाही.

दुसऱ्या दिवशी काका मला बांध दाखवायला घेऊन गेले. निघताना म्हणाले आज पाणी किती वाजता माहितीय? मी मोबाईल काढला, तोवर त्यांचं सांगून झालं होतं. "आज सष्टी. सहाचे पाऊनपट साडेचार. साडेचारला पुरी भरती." इतकंच. तिथी घ्यायची, तिचे पाऊणपट करायचे, ती भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. मी नंतर मोबाईलवर बघितलं, थोडाफार फरक सोडला तर बरोबर. शाळेत आपण पावकी निमकी पाऊणकी पाठ करायचो की नाही ते आठवत नाही पण माझी आजी करायची हे आठवतं, आणि ती कशासाठी लागते ते मला इथे, चिखलात उभं राहून कळलं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. काकांच्या घरात कालनिर्णय टांगलंय ते सणांसाठी नाही, तिथीसाठी.

दहा वाजता खाडी रिकामी होती. सगळीकडे चकाकणारा चिखल, त्यावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या, बगळे, आणि पलीकडे तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची, दाट रांग. जुलैत जिथे पाणी हातभरावर होतं तिथे आता बांधाच्या पायथ्यापर्यंत खाली उतरून चालता येत होतं. आम्ही बुजवलेली ती जागा काकांनी दाखवली, मातीचा रंग जरा वेगळा, वर गवत अजून नीट धरलं नव्हतं. मी तिथे हात लावून आले.

बांध एक नसतो, दोन असतात. खाडीला लागून बाहेरचा, त्याला बाहेरकाठा म्हणतात, आणि त्याच्या आत दुसरा लहान, आतला. बाहेरचा गेला तर आतला थोडा वेळ तरी धरतो. आणि या बांधात जागोजागी उघाडी असते. हिच्यापाशी मी तासभर बसले असेन. दगडी बांधकामातून आरपार गेलेली मोरी आणि खाडीच्या बाजूला वरून लटकणारं लाकडी झडप, एवढंच. वीज नाही, मोटार नाही, माणूस लागत नाही. भरती चढली की खाडीचं पाणीच झडपेला आत रेटून बंद करतं, त्यामुळे खारं आत येत नाही. ओहोटी झाली की बाहेरचा जोर जातो आणि आत तुंबलेलं पावसाचं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर निघून जातं. दिवसातून दोनदा बंद, दोनदा उघडी, समुद्र स्वतःच दार लावतो आणि स्वतःच उघडून देतो. ज्या कुणी हे पहिल्यांदा केलं असेल त्याच्या पाया पडावं असं वाटलं. झडपेच्या कडेला जरा गाळ अडकला किंवा एखादं लाकूड अडकलं तरी ती नीट लागत नाही, म्हणून येता-जाता प्रत्येक जण वाकून बघतो आणि हाताने साफ करतो. काकांनीही केली. बाह्या वर करून पार खांद्यापर्यंत हात घातला आणि आतून एक चप्पल काढली.

ही बंदिस्ती काही आजची नाही. आंग्र्यांच्या काळात आणि त्याच्याही आधी लोकांनी खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत) बांध घालून ही जमीन काढली. बांध घालणारे ते शिलोत्रदार, बाहेरकाठा राखायची जबाबदारी त्यांची आणि त्याच्या बदल्यात कुळांकडून बिघ्यामागे मणभर भात. पुढे शेतकरी मिळून बांध राखायला लागले ती पद्धत म्हणजे जोळ. काका लहान होते तेव्हा जोळीचा दिवस ठरला की घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर, सगळा बांध एकदा फिरून बिळं बुजवायची, खचलेला माथा चढवायचा. १९४८ साली खार जमिनीचा कायदा आला, मग १९७९ साली दुसरा, आणि बांध सरकारच्या यादीत गेले. यादीत गेले ते चांगल्यासाठीच गेले असतील, मोठी उघाडी, दगडी पिचिंग हे गावाच्या ऐपतीबाहेरचं असतं हे काकांनाही मान्य आहे. पण यादीत गेल्यावर जोळ हळूहळू मोडली. बीळ लहान असताना बुजवायला एक माणूस आणि दोन टोपल्या माती पुरते. त्याची खांड झाली की अर्ज, मोजणी, अंदाजपत्रक, टेंडर आणि तोवर तीन उधाणं येऊन गेलेली असतात. मी जुलैत जे पाहिलं ते जोळीचंच उरलेलं रूप होतं, पण त्या रांगेत पन्नाशीच्या आतले किती होते ते मी मोजलं होतं. सहा. बाकीची पोरं कंपनीत, नवी मुंबईत, कंत्राटावर. त्यांना दोष कसा देणार, तीन-चार एकर खाऱ्या जमिनीवर घर चालत नाही हे खरंच आहे.

तिवरांचंही असंच अवघड आहे. मला तिवरं फार आवडतात, आणि लाटांचा मार पहिला तीच झेलतात, बाहेरकाठ्याच्या पुढे ती असली तर बांध टिकतो हे इथला प्रत्येक शेतकरी सांगतो. पण बांध फुटून खारं पाणी आत राहिलं की तीच तिवरं शेतात उगवतात, आणि कांदळवन तोडायला कायद्याने बंदी आहे, मग स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या शेतात माणसाला हात लावता येत नाही. काकांनी असं एक शेत दाखवलं, त्यांच्या चुलतभावाचं. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथे भात होतं. आता डोक्याएवढी तिवरं, आत पाणकावळे. बांधाची जुनी रेघ झाडांमधून अजून दिसते.

त्या दिवशी दुपारी चरीला गेलो. शाळेत चरीचा संप एका ओळीत होता, तोही परीक्षेला येत नाही म्हणून सोडलेला, आणि मला गाव कुठे आहे तेही माहीत नव्हतं. २७ ऑक्टोबर १९३३ ला इथे सभा झाली आणि २५ गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची (गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची) जमीन कसायची नाही. भात पिकवायचं त्यांनी, बांधावर मरायचं त्यांनी, आणि पिकातला मोठा वाटा, वर नाना तऱ्हेच्या वसुल्या खोताच्या. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे शेतकऱ्यांच्या परिषदेला आले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं त्याच्या मागे या गावांचंही बळ होतं. त्याच वर्षी नारायण नागूंनी 'कृषीवल' पेपर काढला, अलिबागला आजही घराघरात येतो. संप चालला १९३९ पर्यंत. सहा वर्षं! सहा वर्षं भात पिकवणाऱ्या माणसांनी भात पिकवलं नाही. लाकूडफाटा तोडून विकला, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरल्या, दुसरीकडे मजुरीला गेले. शेवटी १९३९ ला कूळ कायदा आला, कुळाला संरक्षण मिळालं.

चरीत एका ओट्यावर एक आजोबा बसले होते, त्यांच्या वडिलांनी संप बघितलेला. मी विचारलं, सहा वर्षं शेत पेरलं नाही तर बांधाचं काय केलं? ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "असा कोन इचारला नव्हता." मग थोडं थांबून म्हणाले, "बाबा सांगायचे, भूक सोसली पन बीं नाय संपवला." घरातलं बियाणं त्यांनी खाल्लं नाही. दरवर्षी नवं करायलाही शेत नाही, मग ते टिकवलं कसं, कुठे लावलं, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. मी पण जास्त विचारलं नाही, त्यांचे डोळे भरून आले होते.

याच खारेपाटातल्या लोकांनी २००८ साली पुन्हा जमिनीसाठी कंबर कसली होती. पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही यावर मतदान घेतलं गेलं, आणि लोक मोठ्या संख्येने विरोधात उभे राहिले. सेझ बारगळला. तिथली मागणी साधी होती, हेटवणे धरणाचं पाणी शेतीला द्या, दुबार पीक काढून दाखवतो. धरण पेण तालुक्यात, पाणी नवी मुंबईच्या नळाला येतं, आणि खारेपाटातल्या कित्येक गावांत एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. हे लिहिताना माझाही हात थांबतो, माझी बहीण नवी मुंबईत राहते.

तळ्यांचं सांगायचं राहिलंच. खारेपाटात घरामागे किंवा शेताच्या कोपऱ्यात तळं असतं, पावसाचं पाणी साठवायला, आणि त्यात जिताडा. खाडीतून बोटाएवढी पिल्लं धरून तळ्यात सोडतात, तो मासा खाऱ्यातून गोड्यात आला तरी मजेत वाढतो, दोन-तीन वर्षांत पाच-सहा किलोचा होतो. पाहुण्यासाठी जिताडा काढणं हा इथला सगळ्यात मोठा मान. माझ्यासाठी काकूने काढायला लावला, मी नको नको म्हणत असताना. तांदळाची भाकरी, जिताड्याचं कालवण, आणि त्याच बांधाच्या आतला भात. काकू वाढताना म्हणाली, "पोट भरून जेव गो, हिकडं यायला तुला वर्स लागतं." जानेवारीत पोपटीला यायचं कबूल करूनच सुटका झाली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. ती वेगळी पोस्ट होईल.

तिसऱ्या दिवशी अलिबाग. खारेपाट संपून कार्लेखिंड ओलांडली की जमीन बदलते, माती गोडी होते. इथल्या कार्ले-खंडाळ्याकडे (लोणावळ्याजवळचं नव्हे) भात कापून झालेल्या त्याच शेतात पांढऱ्या कांद्याची तयारी चालली होती, तो वेण्या घालून विकतात तो, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला. मग समुद्राकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं होतं पण अष्टमी तोंडावर म्हणजे भांग, भर ओहोटीतही पाणी गुडघ्याच्या वर, किनाऱ्यावर मुंबईचे पर्यटक वैतागले होते की ओहोटी आहे तर पाणी का उतरत नाही. मला कारण माहीत होतं, मी दोन जणांना सांगितलं पण.

रेवदंडा, चौल, कोर्लई यावर भरपूर लोकांनी लिहिलंय म्हणून मी सोडते. अक्षीचं मात्र सांगते. अक्षीला एक शिलालेख आहे, वर चंद्र-सूर्य कोरलेले, शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा वाचतात आणि मराठीतला सगळ्यात जुना म्हणून अभ्यासक त्याचं नाव घेतात. पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचक्रवर्ती केसीदेवराय, त्याचा प्रधान भइर्जू सेणुई. आणि या प्रधानाने असं काय केलं जे दगडावर कोरून ठेवलं, तर देवीच्या बोडणासाठी (देवीच्या पूजेतला एक विधी) नऊ कुवली धान्य दिलं. कुवली म्हणजे माप. म्हणजे आपली भाषा दगडावर उमटली त्या अगदी सुरुवातीच्या काळात या किनाऱ्यावर ती काय बोलली, तर समुद्र आणि धान्याचं माप! कुठलं धान्य ते लिहिलेलं नाही. मी त्या दगडासमोर उभी होते आणि माझ्या पिशवीत काकूने दिलेला तीन किलो राता होता.

परतताना एसटी नको म्हटलं आणि रेवसवरून लाँच धरली, भाऊच्या धक्क्याला. रेवस म्हटलं की जुन्या माणसांना रामदास बोटच आठवते. १७ जुलै १९४७, गटारीच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वादळात बुडाली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. मैत्रिणीच्या पणजोबांचा भाऊ त्यात होता, त्यांच्या घरात गटारी कधीच करत नाहीत. लाँचमधून मागे बघितलं तर किनारा आधी बारीक झाला आणि मग तिवरांची नुसती काळी रेघ राहिली. बांध तर दिसतच नाही समुद्रावरून, आणि त्याच्या मागची शेतं अजिबातच नाही.

घरी येऊन आठवडा झाला. काल त्रिपुरी पौर्णिमा. सकाळी सहज कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि आपोआप हिशेब झाला, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भात कापून उडवीत आलंय हे खरं, पण आत्ता खारं पाणी आत शिरलं तर ते धुवायला पाऊस थेट जूनमध्ये, आणि आम्ही बुजवलेली ती जागा अजून नीट धरलेली नाही. रात्री अकराला मैत्रिणीला मेसेज केला, पाणी कसं आहे? वीस मिनिटांनी तिचं उत्तर आलं.

"माहीत नाही अजून. बाबा बॅटरी घेऊन बांधावर गेलेत. आई पण गेलीये."